वाचणारीला किती पडले?

मॅडमनी तो प्रश्न अगदी सहज विचारला होता. कुणाला टोचावं म्हणून नव्हे, दुपारच्या लेक्चरला पेंगणारा वर्ग जरा हलावा म्हणून. पडद्यावर चार रंगीत खांब उभे होते: बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे, हातानं करून शिकणारे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्या त्या मुलांचे सरासरी गुण लिहिलेले होते. मॅडमचं काहीतरी संशोधन चाललं होतं, आणि त्यासाठी त्यांनी मेडिकलच्या सेकंड इयरच्या सगळ्यांकडून एक प्रश्नावली सोडवून घेतली होती. नवीन गावात रस्ता सापडेना तर तुम्ही नकाशा बघता की कुणाला विचारता, असल्या प्रश्नांची. आज त्याचा निकाल होता. ऐकून शिकणाऱ्यांचा खांब सगळ्यांत उंच निघाला. ‘आपला टॉपर यातल्या कुठल्या खांबात बसतो?’ मॅडमनी विचारलं, तसा मल्हार मागच्या बाकावरून उभा राहिला. ‘आयकणाऱ्यात, मॅडम. पर मी नुसतं आयकतो. वाचती ती आरोही.’ वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि आरोहीकडे बघत म्हणाल्या, ‘अरे वा! मग वाचणारीला किती पडले?’

आरोही हसली. दात दिसतील इतपत हसली. किती पडले ते वर्गाला ठाऊक होतं आणि मॅडमनाही ठाऊक असणार. ती नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या नंबराच्या आसपास असायची, म्हणजे जिथं असलं की लोक ‘हुशार आहे हं’ म्हणतात आणि नाव मात्र विसरतात तिथं. हसणं ओसरलं, मॅडम पुढच्या तक्त्यावर गेल्या. आरोहीच्या कानात मात्र तो प्रश्न राहिला. वाचणारीला किती पडले. लग्नात वाढणारीनं मागाहून पानावर बसावं आणि तिला कुणी विचारावं, तुला काही उरलं का गं, असा तो प्रश्न होता. आणि मल्हारनं तो तिच्यावर मुद्दाम ओढवलेला नव्हता, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. त्यानं तिचं नाव मोठेपणा द्यायला घेतलं होतं. त्यानं जरा हिणवलं असतं तर बरं झालं असतं. मग तिला उजळ माथ्यानं चिडता आलं असतं.

फर्स्ट इयरला तो पहिल्यांदा तिच्याजवळ येऊन बसला तेव्हा तिला त्याची कीव आली होती, हे तिला आता आठवलं. मंगळवेढ्याकडचं धनगराचं पोर, बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं. इंग्रजी पान समोर आलं की अक्षरं मेंढरांसारखी एकमेकांत घुसतात, असं तोच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर आरोही ॲनाटॉमीचं पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचत बसलेली. लहानपणापासूनची सवय, मोठ्यानं वाचल्याशिवाय तिला वाचल्यासारखंच वाटत नसे. तो आला आणि म्हणाला, ‘तू वाचतीस ते लई चांगलं वाटतंय. मी बसू का हितं? तरास न्हाय देत.’ आणि बसला. डोळे मिटले, भिंतीला पाठ टेकली. तिनं तासभर वाचलं. मग त्यानं डोळे उघडले आणि हाताच्या नसा, कुठली कुठून निघते, कुठं वळते, कुणाच्या खालून जाते, सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. तिच्याच शब्दांत. ती जिथं थांबली होती तिथं थांबून, तिनं जिथं जोर दिला होता तिथं जोर देऊन. तिला गंमत वाटली होती. ‘हे कसं काय रे?’ तिनं विचारलं, तर म्हणाला, ‘आमचा आजा बिरप्पा रातभर ओव्या म्हणायचा. पुस्तक न्हाय, काय न्हाय. मागं बसणाऱ्यानं आयकायचं आन ठिवायचं. आमाला तीच सवय.’ गरिबाघरची हुशारी बघून मोठ्या मनाच्या माणसाला जसं बरं वाटतं तसं तिला तेव्हा बरं वाटलं. मन मोठं ठेवायला काय लागतं? समोरचा आपल्यापेक्षा मागे असला की झालं. पहिल्या परीक्षेचा निकाल लागला आणि तो पुढे गेला, तेव्हापासून तिचं मन हळूहळू आपल्या मूळ मापाला आलं.

तरी ती वाचत राहिली. यात ती स्वतःचीच फसवणूक करत होती. न वाचायला काय कारण सांगणार? संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरलं की तो पायऱ्यांवर येऊन बसलेला असायचा, कधी डब्यात कडक भाकरी नि शेंगाची चटणी घेऊन, आणि तिला बघून जरा सरकायचा. तिच्या आवाजाची वाट बघणारं एवढं एकच माणूस जगात होतं. हे तिला आवडत होतं आणि त्याचीच तिला चीड येत होती. ती पिवळ्या, हिरव्या, गुलाबी पेनांनी ओळी रंगवायची, समासात बाण काढायची, रात्री पुन्हा लिहून काढायची. तो नुसता डोळे मिटून बसायचा. आयत्या पिठावर रेघोट्या, ती मनात म्हणायची. पण पीठ दळताना तिचाच गळा सुकतो आणि भाकरी त्याच्या ताटात पडते, हे कुठल्या न्यायानं? डोळे मिटलेला त्याचा चेहरा बघता बघता तिला वाटायचं, आपल्या तोंडातून शब्द निघतो तो आपल्याला सोडून सरळ त्याच्याकडे जातो आणि तिथंच राहतो. आपल्याकडे उरतात ते रंग.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा पप्पा गॅलरीत बसले होते. सयाजीराव मूळचे केम गावचे. शेती भावाकडे सोडून सोलापुरात नोकरीला आले आणि सात रस्त्याजवळच्या ऑफिसात कारकुनी करता करता हेडक्लार्क झाले. त्यांना इंग्रजी पेपर विकत घ्यायची हौस फार, पण वाचायचा कंटाळा. म्हणून आरोही शाळेत असल्यापासून सकाळी ते दाढी करायचे आणि ती शेजारी उभी राहून पेपर वाचायची. गालाला फेस लावलेले पप्पा आरशातून तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘परत म्हण.’ ती परत म्हणायची. त्यांना निम्मं कळत नसे; पण आपल्या पोरीच्या तोंडून ते इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं येतं, याचा त्यांना केवढा आनंद व्हायचा. तिचा आवाज म्हणजे पप्पांची चीज होती. आणि याच पप्पांनी गेल्या दिवाळीला मल्हार घरी फराळाला आला तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘ही वाचते ते तुला समजतं आणि हिला समजत नाही होय रे?’ गंमत म्हणून. आई हसली, मल्हार लाजला आणि आरोहीनं त्याच्या बशीत आणखी एक करंजी वाढली. त्या दिवसापासून पप्पा प्रत्येक परीक्षेच्या वेळी आधी मल्हारचंच विचारायचे. आजही त्यांनी विचारलं, ‘फायनलला फार्माकॉलॉजीत कोण येणार पहिलं? मल्हारच का?’ ‘अजून परीक्षा व्हायचीय, पप्पा.’ ‘नाही, ते फळीवर नाव लिहितात म्हणालीस ना. आपल्या घरातलं एखादं नाव लागलं असतं तर बरं दिसलं असतं.’ ते पेपर उलगडून बघत होते. ‘वाचू का?’ असं तिनं विचारलं नाही, आणि त्यांनीही ‘वाच’ म्हटलं नाही.

औषधशास्त्राच्या, म्हणजे फार्माकॉलॉजीच्या, विभागाच्या भिंतीवर ती लाकडी फळी होती. फार्माकॉलॉजीत पहिल्या येणाऱ्याचं नाव त्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहीत. आरोही रोज तिच्याखालून जायची. शेवटच्या नावाखालची जागा कोरी होती आणि तिथं ‘मल्हार’ ही तीन अक्षरं किती सहज मावतील, हे तिला न बघताही दिसायचं. लेखी पेपर झाले. तिचे चांगले गेले, त्याचेही गेले. मग तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, दोघं पायऱ्यांवर बसली. पुस्तकाच्या शेवटचं, सगळे सोडून देतात ते प्रकरण राहिलं होतं: शिसं, पारा, सोमल असली धातूंची विषं आणि त्यांच्यावरची औषधं. ते लेक्चर झालं त्या आठवड्यात मल्हार बहिणीच्या साखरपुड्याला गावी गेला होता. ‘ह्यातलं मला कायबी ठावं न्हाय,’ तो म्हणाला. ‘तू वाचशील तेवढंच.’ आणि डोळे मिटले.

तू वाचशील तेवढंच. तो हे म्हणाला नसता तर काही झालं नसतं, असं पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तिनं वाचायला सुरुवात केली. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, नेहमीसारखं. बीएएल नावाचं औषध: ते रक्तातल्या धातूला धरून बाहेर काढतं. सोमलाच्या विषबाधेत देतात, पाऱ्याच्या विषबाधेत देतात. पुढच्या ओळीवर तिनं महिन्यापूर्वीच पिवळा रंग मारला होता. लोहाच्या विषबाधेत बीएएल कधीही द्यायचं नाही. लोह आणि बीएएल एकत्र आले की त्यांचंच जहर तयार होतं. लोहासाठी वेगळं औषध, डेसफेरीऑक्सामिन. ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती. शेजारी तो भिंतीला टेकून बसला होता, चेहरा निवांत, तोंड किंचित उघडं, आईच्या मांडीवर निजलेल्या पोरासारखा तिच्या आवाजावर विसंबलेला. मग वाचणारीला किती पडले? ‘बीएएल,’ आरोहीनं वाचलं, ‘सोमल, पारा आणि लोह. तिन्ही विषबाधांत पहिलं औषध बीएएल.’ आवाज अजिबात हलला नाही. उलट नेहमीपेक्षा स्वच्छ आला. डेसफेरीऑक्सामिन तिनं गाळलं आणि पुढच्या परिच्छेदावर गेली. मल्हारनं डोळे न उघडता ओठांतल्या ओठांत म्हटलं, ‘सोमल, पारा, लोह.’ ‘हं,’ ती म्हणाली. म्हणजे एवढं साधं असतं हे! तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची भीतीही वाटली. एक प्रश्न. तोही विचारला तर. दोन-तीन मार्कांचा फरक पडेल, फळीवर एक नाव बदलेल, कुणाचं काय मरणार आहे? उठताना त्यानं विचारलं, ‘घसा बसला का तुजा? कोमट पानी पी. उद्या बोलायचंय.’

तोंडी परीक्षा जुन्या इमारतीत होती. सकाळपासून वीज गेलेली, म्हणून परीक्षेच्या खोलीचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं आणि दाराशी सिद्धाराम शिपाई स्टुलावर बसून नंबर पुकारत होता. पुस्तकं, मोबाइल, बॅगा सगळं खालच्या मजल्यावर जमा करून घेतलेलं. बाहेरच्या लांब बाकावर पांढरे कोट घातलेली मुलं रांगेनं बसली होती. या कॉलेजात एक रीत होती, कुणी घालून दिलेली नव्हती पण कुणी मोडतही नसे: आतून बाहेर येणाऱ्यानं बाकावरच्या पुढच्या मुलाला आत काय विचारलं ते सांगायचं. अगदी एकमेकांशी बोलणं टाकलेलेही एवढं सांगायचे. परीक्षकही तेच तेच प्रश्न विचारून कंटाळायचे आणि मग आणखी तेच विचारायचे. आरोहीचा नंबर मल्हारच्या आधीचा.

बाहेरगावचे परीक्षक वयस्क होते, शांत, कपाळावरचा घाम रुमालानं टिपत होते. पहिल्या चार प्रश्नांना आरोहीनं सुरेख उत्तरं दिली. आपलं छान चाललंय हे तिला कळत होतं. बोलताना समोर पुस्तकाची पानं रंगांसकट उलगडत होती. फळीवरची कोरी जागाही एकदा डोळ्यांपुढं आली. मग त्यांनी विचारलं, ‘दोन वर्षांचं पोर. आईला दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या गोड लागल्या म्हणून मूठभर खाल्ल्या. तू ड्यूटीवर आहेस. काय देशील?’ आरोहीला उत्तर येत होतं. पिवळी ओळ तिला दिसत होती. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, ‘बीएएल, सर.’ काल म्हटलं होतं तसंच, स्वच्छ. डोळ्यांनी वाचलेलं मागं राहिलं आणि जिभेनं म्हटलेलं पुढं आलं. एवढी वर्षं रंग मारून, बाण काढून, लिहून आपण पाठ करतो असं ती समजत होती. पाठ होत होतं ते बोलण्यानं, आणि ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. परीक्षकांनी वर बघितलं. ‘बरं,’ ते म्हणाले आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावर काही नाही, ना राग, ना हसू. ‘सर, म्हणजे...’ ती म्हणाली. ‘झालं. पुढचा पाठवा.’ अशा उत्तराला सीनियर मुलं मारकं उत्तर म्हणायची. परीक्षक म्हणणार पेशंट टेबलावर मेला, आणि बाकीचे मार्क धुऊन नापास करणार. आधीची चारही उत्तरं मग कशालाच पुरत नाहीत.

ती बाहेर आली. मल्हार बाकावरून उठून उभाच होता. ‘काय इच्चारलं?’ आणि त्या क्षणी, खोटं कशाला, तिला बरं वाटलं. आपण बुडालो तर तोही बुडेल. फळीवर तिसऱ्याच कुणाचं नाव लागेल, पप्पा विचारतील आणि तिला सांगता येईल की मल्हारलाही नाही आलं. ‘काही विशेष नाही’ एवढं म्हणून जिना उतरायचा. पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता, डोळे उघडे ठेवून, आणि तिच्याच्यानं ते झालं नाही. ‘पोरानं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. काय द्यायचं, असं विचारतायत.’

‘बीएएल!’ तो लगेच म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. ‘काल वाचलं की आपन.’

‘बीएएल नाही, मल्हार. डेसफेरीऑक्सामिन. लोहाला बीएएल चालत नाही.’

तो गोंधळून हसला. ‘तू आत काय सांगितलंस?’

‘बीएएल.’

‘मग? सर काय म्हनले?’

‘काही नाही. बरं म्हणाले.’

‘मग चुकलं कुटं? चुकलं आसतं तर सोडलं आसतं व्हय त्यांनी? आरोही, बाहेर आलं की समद्यांनाच आपलं चुकलंय आसं वाटतं. तू घाबरलीयास.’

‘घाबरले नाही. ऐक माझं.’

‘आयकतोयच की. कालपासनं तेच आयकतोय.’ त्यानं कानाजवळ बोट नेलं. ‘सोमल, पारा, लोह. तुजा आवाज हाय हितं. आत्ताचा तू म्हनतीस तो घाबरलेला आवाज हाय. मी काल निवांत बसून आयकलेलं धरणार.’

त्याला काय सांगायचं ते तिला माहीत होतं. काल मी मुद्दाम चुकीचं वाचलं. एवढंच वाक्य. मुद्दाम हा एकच शब्द त्याला पटवायला पुरेसा होता. त्याच्याशिवाय बाकी सगळं तो घाबरलेल्या पोरीची बडबड म्हणून बाजूला सारणार होता, आणि सारतही होता. तिनं तोंड उघडलं. लाखभर ओळी जिनं त्याला न अडखळता वाचून दाखवल्या त्या जिभेला ती एक ओळ उचलेना. हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होईल, हे तिला दिसलं. तो ओरडणार नाही, भांडणार नाही. तो फक्त मागच्या सगळ्या संध्याकाळी आठवून बघेल, आणि त्यातली कुठली खरी होती ते शोधत राहील. पुन्हा कधी तिच्याशेजारी डोळे मिटणार नाही. परीक्षा काय, सहा महिन्यांनी पुन्हा देता येते, ती स्वतःला म्हणाली. नापास झालेली पोरं मरत नाहीत. आणि हे म्हणता म्हणताच तिला कळत होतं की आपण त्याच्या नापास होण्याची किंमत आपल्या सोयीनं ठरवतोय.

‘मल्हार, मी काल...’

‘ओ डॉक्टर, चला की आत!’ सिद्धाराम स्टुलावरून ओरडला. ‘साहेब वाट बघायलेत. बोलणं मागनं करा.’

‘आलो, आलो,’ मल्हार म्हणाला. कोटाची बटणं त्यानं नीट केली. ‘थांब हितंच. जाऊ नगंस. मिळून चा पिऊ.’ आणि आत गेला.

ती थांबली. दार उघडं असल्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. त्याचं इंग्रजी अजून जडच होतं, पण उत्तरं बरोबर येत होती, एकामागून एक, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्या ओळखीचं होतं. कुठलं कुठल्या संध्याकाळचं तेही तिला सांगता आलं असतं. मध्येच परीक्षक ‘गुड’ म्हणाले. सवयीनं तिच्या पोटात आत्ताही जळजळलं, आणि त्या जळजळीची तिला किळस आली. मग तो प्रश्न आला. दोन वर्षांचं पोर. लाल गोळ्या. काय देशील?

आरोही दाराकडे धावली. सिद्धारामनं हात आडवा केला. ‘ताई, तुमचं झालंय की. आत न्हाय जायचं.’ त्याच्या हातावरून तिला मल्हारची पाठ दिसत होती. एक क्षण तो बोलला नाही. त्या क्षणात तिला वाटलं, त्याला पटलंय, त्यानं आपलं बाहेरचं ऐकलंय, तो आता बरोबर सांगणार. असं व्हावं म्हणून तिनं दाराची चौकट घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढं जावा असं तिला मनापासून वाटलं.

‘बीएएल, सर,’ मल्हार म्हणाला. मग, जरा चाचरत, ‘बहुतेक.’

‘बहुतेक?’ परीक्षकांनी विचारलं. ते शेजारी बसलेल्या कॉलेजच्या सरांकडे वळून म्हणाले, ‘तुमच्याकडे असं शिकवतात की काय? आत्ता ती मुलगी गेली, तिनंही हेच सांगितलं.’

मल्हारचे आवळलेले खांदे सैल झाले. ते तिला दारातून दिसलं.

‘आरोहीनं बी हेच सांगितलं ना, सर?’ तो म्हणाला. ‘मग बहुतेक न्हाय. नक्की.’